कारभारी व्हावे, हुकूम करू नये

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात ‘कम्युनिटी मॅनेजर’ म्हणून रुजू होऊ इच्छिणाऱ्या अमरावती-अकोल्याकडील होतकरूंनी प्रथम हे ध्यानी धरावे की, या पदाची जबाबदारी सोळा आणे असून अधिकार मात्र कवडीचाही नाही. ज्यांना तनखा नाही त्यांना बडतर्फ करता येत नाही. आणि सॉफ्टवेअरची सारी संहिता घेऊन वेगळी चूल मांडण्याचा हक्क तर परवान्यानेच प्रत्येकास बहाल केलेला असतो. २०१० साली ओपनऑफिसच्या स्वयंसेवकांनी मालक कंपनीच्या कारभारास विटून लिबरऑफिस काढले, तेव्हा कंपनीकडे नाव उरले आणि माणसे निघून गेली.

कलम पहिले, नवागताचा सत्कार. बडनेऱ्याचा एखादा विद्यार्थी वीज असेल तेवढ्या तासांत खपून आपला पहिला पॅच पाठवितो, आणि सातासमुद्रापलीकडचा मेंटेनर त्यावर ‘नामंजूर’ एवढाच शेरा मारतो. अशा प्रसंगी ‘काऊन नामंजूर?’ हा रास्त सवाल उग्र रूप धारण करण्यापूर्वी कारभाऱ्याने मध्ये पडून, चाचणी कोणत्या ओळीवर अडली ते दाखवावे आणि दुसरे एखादे सोपे काम त्याच्या हाती द्यावे. मेंटेनरासही आचारसंहिता दाखविण्यास संकोचू नये, कारण साक्षात् लिनस टोरवाल्ड्स यांनाही २०१८ मध्ये आपल्या उद्धट वागणुकीबद्दल क्षमा मागून काही काळ रजेवर जावे लागले. मात्र ती मेंटेनराचा चहा झाल्यानंतर दाखवावी.

कलम दुसरे, तगाद्याचा बंदोबस्त. एक्सझेड या प्रकल्पात थकलेल्या एकट्या मेंटेनरावर काही ऑनलाइन खात्यांनी तगादा लावला, त्याच सुमारास एका सुस्वभावी अनोळखी इसमाने मदतीचा हात पुढे करून त्याचा विश्वास संपादन केला, आणि अखेर त्या इसमाने संहितेत ठेवलेली चोरवाट मार्च २०२४ मध्ये उघडकीस आली. तस्मात् ‘काम का रखडले?’ असे विचारणाऱ्यास ‘आपण किती केले?’ असे अत्यंत नम्रपणे विचारावे आणि मेंटेनरास झोपू द्यावे.

कलम तिसरे, कार्यक्रम. येथे आमचा होतकरू हमखास घसरतो. प्रथम अमरावतीच्या राजापेठेत फ्लेक्स, मग टी-शर्ट, स्टिकर, दीपप्रज्वलन, पाहुण्यांस शाल-श्रीफळ. तिकडे बगांचे दप्तर धूळ खात पडलेले. वास्तविक गुरू शोधण्यास परदेशी जाण्याचे प्रयोजन नाही. १९०८ साली ऋणमोचनास पूर्णेवर घाट बांधणारे गाडगेबाबा गावात शिरताच आधी झाडू हाती घेत व कीर्तन मागाहून करीत. धर्मशाळा उभारीत, पण त्यांची मालकी आपल्याकडे ठेवीत नसत. आम्ही मात्र कीर्तन आधी आटोपून झाडूसाठी उपसमिती नेमतो.

तेव्हा, इच्छुक उमेदवारांनो, टी-शर्टाची ऑर्डर तूर्त तहकूब ठेवा. प्रकल्पाच्या दप्तरातील सर्वांत जुनी अनुत्तरित तक्रार काढा, आणि तक्रारदारास आजच्या आज दोन ओळींचे उत्तर लिहा.