नखभर कार्ड, हातभर मजकूर

भाच्याने ताम्हिणी घाटातल्या पावसाळी बाइकफेरीसाठी ॲक्शन कॅमेरा घेतला तेव्हा घरात कुणी चकार शब्द काढला नाही. चाळीस हजारांच्या वस्तूवर वाद घालायची मध्यमवर्गीय माणसाची छातीच होत नाही. वाद पेटला तो त्यात घालायच्या मेमरी कार्डावरून. हजार-दीड हजाराच्या खरेदीवर मत द्यायचा अधिकार आमच्याकडे प्रत्येकाला आहे. "कुठलंही घ्या, शेवटी कार्डच ते," हे माझं मत. मत देणाऱ्यालाच बाजारात पिटाळायचं ही आमच्या घरची जुनी रीत.

मायक्रो एसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद, जाडी जेमतेम एक. एवढ्याशा जागेत लग्नपत्रिकेला लाजवेल इतका मजकूर: कंपनीचं नाव, १२८ जीबी, एसडीएक्ससी, रोमन एक, सीच्या पोटात १०, यूच्या पोटात ३, व्ही३०, ए२. 'कृपया आहेर आणू नये' तेवढं राहिलं होतं. दुकानदाराने न मागता भिंग पुढे केलं. यातली निम्मी मंडळी एकाच गोष्टीची ग्वाही देतात, ती म्हणजे सेकंदाला किमान किती मेगाबाइट लिहिणार. सी१० म्हणजे दहा, यू३ म्हणजे तीस आणि व्ही३० म्हणजेही तीसच. ए२ मोबाइलमधल्या ॲपसाठी. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. वेष्टनावर सगळ्यात ठळक छापलेला १६० हा आकडा वाचण्याच्या कमाल वेगाचा. घरी येऊन व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवताना तो कामाला येतो. घाटात कॅमेरा वाचत नसतो, लिहीत असतो.

भाच्याने फोनवर शंका काढली, "मामा, फोर-केला कॅमेरा शंभरनं लिहितो. तीसचं कार्ड कसं पुरेल?" तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्यामुळे मी गप्प. मागून ताईचा आवाज आला, "अरे, ते शंभर मेगाबिट. आठानं भाग. साडेबारा मेगाबाइट झाले." ताईचा उभा जन्म बँकेत व्याज काढण्यात गेला, तिच्यापुढे बिट काय नि बाइट काय! त्याच दमात तिने पुढचंही सांगून टाकलं, "१२८ जीबीत पावणेतीन तासांच्या वर मावेल. ताम्हिणीचा पाऊस तेवढा पुरे."

संथ कार्डाची तऱ्हा न्यारी. ते जागा देतं, पण धावताना दमतं. मग कॅमेरा आपणहून बंद पडतो आणि नेमका धबधब्यापाशी पडतो. त्याआधीचा अर्धा तास पुढच्या ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' मात्र बिनचूक टिपलेलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे खोटं कार्ड. एक टीबी, तीनशे रुपयांत! आत खरी जागा थोडीशीच, पण कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. कॅमेरा विचारतो, "जागा आहे का?" कार्ड म्हणतं, "या की, बसा!" खरी जागा संपली की पुढचं चित्रीकरण एकतर जुन्याच्या उरावर बसतं, नाहीतर कुठेच उमटत नाही. भाच्याचा एक मित्र असलं कार्ड घेऊन लडाखला गेला होता. खारदुंग ला खिंड पुसली गेली, मनालीतला नाश्ता तेवढा उरला.

तेव्हा कार्ड घ्यायला निघालात, तर कॅमेरा कंपनीने शिफारस केलेल्या कार्डांची यादी आधी पाहा. व्ही३० बघून, पक्कं बिल मागून घ्या. कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि घाटात जाण्याआधी घरच्या गॅलरीत एकदा काठोकाठ भरून, पहिला आणि शेवटचा व्हिडिओ उघडून बघा. आणि दुकानात जाताना जवळचा चष्मा न्यायला विसरू नका. मोठ्या अक्षरांत विकायचं छापतात, कामाचं सगळं बारीक असतं.