साईटवाला

त्याला आईबापांनी ठेवलेलं एक नाव आहे, पण ते आधार कार्डापुरतं. सांगलीच्या गणपती पेठेपासून साताऱ्याच्या मोती चौकापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये त्याचा नंबर आहे, त्यांच्याकडे तो ‘साईटवाला’ आहे; बंद पडलेल्या वेबसाईटी चालू करून देणारा. खडी-वाळूचा भाव विचारणारे फोनही त्यामुळे त्यालाच येतात.

फोन उचलला की त्याचा पहिला सवाल ठरलेला. “काल काय केलंत?” उत्तरही ठरलेलं. “काईच नाई केलं की!” या उत्तरावर त्याचा एवढा विश्वास, की तो लगेच कोणती फाईल किती वाजता बदलली ते बघायला लागतो. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या ‘काईच नाई’ची फोड अशी निघते: दुपारी जरा आडवा झालो होतो, तर चौदा प्लगिन अपडेट मागत होते. मागतायत म्हटल्यावर देऊन टाकले.

या साईटी ज्यावर बांधलेल्या असतात, ते वर्डप्रेस २००३ साली निघालं. फुकट, आणि पाहिजे तो प्लगिन, म्हणजे जादा सोयीचा तुकडा, बसवायची मुभा. पण हे प्लगिन लिहिणारे जगाच्या चार कोपऱ्यांतले, एकमेकांचं तोंडही न बघितलेले. दोघांनी एकाच नावाचं फंक्शन लिहून ठेवलं, की वर्डप्रेसची भाषा पीएचपी तेच नाव दुसऱ्यांदा वाचताक्षणी बसकण मारते. बांधावरून दोन भाऊबंद भांडावेत आणि अख्खं रान पडीक राहावं, तसं. २०१९च्या आधी अशा वेळी नुसता पांढरा पडदा दिसायचा. आता वर्डप्रेस निदान गंभीर चूक झाल्याचं पडद्यावर सांगतं आणि साईटच्या ॲडमिनला मेल पाठवतं. तो मेल जातो, ज्यानं साईट पहिल्यांदा बांधली त्या भाच्याला. भाचा हिंजवडीला असतो आणि मामाच्या साईटचे ‘प्रमोशन’मध्ये पडलेले मेल तो उघडत नाही.

साईटवाला कुणाला दोष देत बसत नाही. सर्व्हरवर शिरून प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलतो. एका दमात सगळे प्लगिन बंद, साईट उभी. मग अर्धे चालू, अर्धे बंद. त्यातले पुन्हा अर्धे. चोवीस प्लगिन असले तरी पाच फेऱ्यांत चोर हाती लागतो. अर्थात चोर एकटा असेल तर. दोघांचं संगनमत असलं, की रात्र गेली म्हणून समजा.

खरं तर हे सगळं तो साताऱ्यात घरी बसून करू शकतो. सर्व्हर मुंबईला, नाहीतर सिंगापूरला. कुठूनही केलं तरी तेच. पण सांगलीकराला माणूस समोर बसलेला लागतो. “तुम्ही या. डोळ्यासमोर काम झालं म्हंजे बरं असतंय.” मग हा एसटीनं कराडमार्गे मार्केट यार्डात हजर. तिथं शेठच्या समोर बसून, शेठच्याच वायफायवरून सिंगापूरला जातो. शेठ समाधानानं चहा मागवतात.

साताऱ्याची दुखणी वेगळी. सप्टेंबरात कासला फुलं आली, की त्या बाजूच्या मुक्कामाच्या घरांच्या साईटी माना टाकतात. वर्षभर तिकडं कुत्रं फिरकत नाही म्हणून स्वस्तातलं होस्टिंग घेतलेलं; शनिवारी सकाळी सगळं पुणं एकदम येऊन धडकतं. लॉगमध्ये आकडा दिसतो: १३४२१७७२८. हा आकडा त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. १२८ एमबी मेमरी संपली. तो मर्यादा वाढवतो. होस्टिंगवाला खाली खेचतो. हा पुन्हा वाढवतो. तेवढ्यात फुलं संपतात. कधी होस्टिंगवाले परस्पर पीएचपी आठवर नेऊन ठेवतात आणि सातच्या काळातली जुनी थीम जागच्या जागी आडवी होते. तेव्हा मात्र मालक खरं बोलत असतो, त्यानं खरंच काही केलेलं नसतं. पण त्यावर विश्वास ठेवायची साईटवाल्याची सवय मोडलेली आहे.

“बॅकअप आहे का?” असं तो विचारतो, ते केवळ रीत म्हणून. बॅकअप असतो. त्याच सर्व्हरवर असतो.

गेल्या दिवाळीत एका पेढेवाल्यांची साईट ऐन वसुबारसेला झोपली. कंदी पेढ्यांची ऑनलाईन ऑर्डर घेणाऱ्या पानावर नुसता गंभीर चुकीचा निरोप. काहीच केलं नव्हतं. पाचव्या फेरीला सापडला: पडद्यावर आकाशकंदील झुलवणारा प्लगिन. कार्टचा प्लगिन वापरत होता तीच लायब्ररी, पण जुनी, यानं सोबत आणली होती.

“हा प्लगिन तुम्हीच टाकला का?”

“ते प्लगिन हाय व्हय? मला वाटलं, कंदील हाय.”

त्यानं तो काढला. साईट सुरू झाली, ऑर्डरी आल्या, पैसेही लगेच मिळाले. “आता तेवढा कंदील परत लावा,” मालक म्हणाले. साईटवाल्यानं बरीच वर्षं या धंद्यात काढली आहेत. त्यानं वाद न घालता कंदिलाचं एक साधं चित्र वर कोपऱ्यात डकवलं आणि लॅपटॉप मिटला.

रात्री अकराला फोन वाजला. “साईट पुन्हा बिघडली. कंदील हलंना!”