होऽ!

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, गुडघे करून घेतात, नाहीतर सोसायटीच्या चेअरमनला पत्रं लिहितात. मुलाच्या शेजारच्या टपालआजोबांनी कुत्री शिकवायला घेतली. नाव नातवाने ठेवलेलं, पण खरं आहे. मिशिगनच्या उत्तरेला त्यांनी जन्मभर टपाल वाटलं आणि त्या काळात तिथल्या बहुतेक कुत्र्यांनी त्यांची पोटरी चाखली. आता कुत्र्यांच्या जातीवर उलटायची पाळी त्यांची, असं मला वाटलं होतं.

मेबल दहा महिन्यांची इंग्लिश सेटर. पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, कुणी शाईचं पेन झटकल्यासारखे. रफ्ड ग्राउस नावाच्या रानपक्ष्याचा वास आला की जागच्या जागी पुतळा व्हायचं, एवढंच तिचं काम. भुंकायचं नाही, झेपावायचं नाही. माणूस बंदूक घेऊन पोचेपर्यंत तसंच उभं राहायचं. आपल्याकडचा कारवानी कुत्रा ससा दिसला की सुटतो. हिला पोसायचं ते न सुटण्यासाठी.

मी मे महिन्यात आले तेव्हा शाळा सुरू झाली होती. तीस फुटी दोरी, गवतात दडवलेली स्प्रिंगची पेटी, पेटीत कबूतर. मेबल वासावर थबकायची आणि मग मोह न आवरून एक पाऊल टाकायची. आजोबा खिशातलं बटण दाबायचे, कबूतर फर्रकन वर. हललीस की पक्षी गेला, हा धडा. कबूतर संध्याकाळी आपल्या खुराड्यात परतायचं आणि दुसऱ्या दिवशी तासाला हजर. त्या वर्गात नियमित विद्यार्थी तेवढा एकच.

“कुत्रा कधी चुकत नाही, शिकवणारा चुकतो,” हे आजोबांचं ब्रीद. त्यासाठी एक वही होती आणि तिच्यात रोज स्वतःच्या चुका. आजी म्हणाल्या, “चाळीस वर्षांच्या संसारात यातली एकही कबूल केली नव्हती.” त्यांची तक्रार वेगळीच होती. दुकानाबाहेर गाडी येताना दिसली की आजोबा त्यांच्यासमोर तळवा धरून ओरडत, “होऽ!” आणि आजी थांबत. थांबल्या की शाबासकीही मिळे.

‘होऽ’ म्हणजे थांब. इंग्रजी स्पेलिंग काहीही असो, आजोबांच्या तोंडून ते अगदी माझ्या वडिलांसारखं यायचं. वडील नांगराच्या बैलांना असंच थांबवायचे.

घोटाळा तिथेच झाला. मी रोज सकाळी अंगणात फिरत साताऱ्याच्या बहिणीशी फोनवर बोलते. बोलते म्हणजे ती बोलते, मी “हो... हो गं... हो ना” करते. एक दिवस पाहते तर कुंपणापलीकडे मेबल एक पाय हवेत धरून थिजलेली. बहिणीची सून, सुनेची आई, त्यांचं पित्ताशय, सगळं होईपर्यंत पाय हवेतच. आजोबा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते वही घेऊन आले आणि अदबीने म्हणाले, “तुम्ही आवाज चढवत नाही. माझं तिथेच चुकतं.”

तेव्हापासून मी सल्लागार. १५ सप्टेंबरला हंगाम उघडला आणि मला रानाचं आमंत्रण आलं.

भडक नारिंगी जाकीट चढवून निघाले, फक्त खांद्यावर पताका नव्हती. रान अ‍ॅस्पेनचं, काही वर्षांपूर्वी तोडलेलं. मुळांतून पुन्हा फुटलेली मनगटाएवढी खोडं इतकी दाट, की आडवं होऊनच शिरावं लागतं. ग्राउसला असलंच रान मानवतं. दहा पावलांवर मेबल दिसेनाशी झाली, म्हणून गळ्यात घंटा. घंटा वाजते तोवर कुत्री हिंडते. घंटा थांबली म्हणजे पक्षी सापडला. आता कुत्रीला शोधायचं. पण ती कुठे आहे हे सांगणारा आवाज तर नेमका त्याच क्षणी बंद! जीपीएसचा पट्टा मुलीने भेट दिलेला होता, खोक्यात पडून होता. टपालवाल्याला पत्ता शोधायला यंत्र लागावं?

घंटा थांबली. काटेरी जाळीतून ओरबाडून घेत पोचलो, तर मेबल कान खाजवत बसली होती. पुन्हा थांबली, या वेळी घंटेत पाला अडकला होता. तिसऱ्यांदा मात्र ती उभी होती. शेपूट ताठ, नाकपुड्या थरथरत, एक पाय हवेत. बहिणीच्या फोनवेळचाच पाय. आजोबा तिच्या पुढे गेले आणि पाचोळ्यातून पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज करत पक्षी उडाला.

बार झालाच नाही. बंदूक हातात होती, पण आजोबा मेबलकडे बघत होते. कायद्याने दिवसाला पाच पक्षी मारता येतात. त्यांच्या फ्रीजरमध्ये आहे ती दुकानातली कोंबडी.

“पाहिलंत? हलली नाही!” त्यांचा आवाज कापत होता. वाकून त्यांनी तिच्या डोक्यावर थाप मारली, म्हणजे सुटी. मेबल उधळली, घंटा खणखणत पुढच्या जाळीत शिरली.

“झाली ना शहाणी?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

घंटा थांबली.