स्वयंप्रमाणित गुरुमाहात्म्य

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिले जात असले, तरी त्यांना खरी शास्त्रीय शिस्त लाभली ती २०१८ पासून, जेव्हा स्वनामांकनाची, म्हणजे या गौरवास आपणच पात्र आहोत असे शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरून कळविण्याची, सोय झाली. ज्याची थोरवी त्यालाच ती सर्वाधिक ठाऊक असते, हे यामागील तत्त्व निर्विवाद होय. अर्जासोबत अहवाल, छायाचित्रे व चित्रफिती जोडता येत असल्याने प्रेरणा ही आता भोंगळ, अदृश्य वस्तू राहिलेली नाही; ती अपलोड होते. नववीतल्या एखाद्या मुलाला तेच प्रमेय तिसऱ्यांदा समजावताना बाईंच्या हातातला खडू मोडला, तासाची घंटा झाली तरी त्या फळ्यापाशीच थांबल्या आणि त्या मुलाची भूमितीची भीती कायमची गेली, अशा प्रसंगाचे छायाचित्र उपलब्ध नसल्यास तो घडला असे मानण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याची कृतज्ञता हा तर सर्वांत दुबळा पुरावा, कारण ती बहुधा वीसेक वर्षांनी, तीही शिक्का व जावक क्रमांकाशिवाय व्यक्त होते. सबब 'विद्यार्थ्यांच्या मनात माझे स्थान अढळ आहे' असे प्रमाणपत्र शिक्षकानेच साक्षांकित करून जोडावे, ही पुढील सुधारणा रास्त ठरेल. कृतज्ञता व्यक्त करण्यातून मुलांचीही तेवढीच सुटका. खडू मोडणाऱ्या बाईंचा अर्ज मात्र मुदतीत आला नाही. अखेरच्या दिवशी त्या विनाकारण वर्गावर होत्या.