धैर्य : उगम आणि आढळ

धैर्य हा मनुष्याच्या, विशेषतः शेजारच्या मनुष्याच्या, अंगी असणारा गुण आहे. मराठी माणसात तो रक्तातूनच उतरतो, असा समज पुणे परिसरात फार आढळतो. पुरावा म्हणून तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील, भोसले घराण्याची वंशावळ सांगणाऱ्या शिलालेखाकडे बोट दाखवले जाते. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये तो मराठीत कोरवून घेतला. लेख अवाढव्य लांब आहे आणि मंदिराची फरशी दुपारी तव्यासारखी तापते. प्रस्तुत लेखकाची छाती तेथे दोन इंच फुगली. तळपाय भाजू लागताच ती पूर्ववत झाली.

वास्तविक रक्ताच्या सिद्धांताचा निकाल 1677 च्या पावसाळ्यातच लागला होता. कावेरीचा उत्तरेकडचा फाटा म्हणजे कोळ्ळिडम. त्याच्या काठी तिरुमळवाडीला शिवाजी महाराज आणि तंजावरचे व्यंकोजीराजे या सावत्र भावांची भेट झाली. वडील एकच, शहाजीराजे. थोरल्यांनी वडिलांच्या दौलतीतला निम्मा वाटा मागितला, आणि धाकटे एका रात्री गुपचूप नदी ओलांडून तंजावरला पसार झाले. महाराजांची पाठ फिरल्यावर मात्र नोव्हेंबरात व्यंकोजींना जोर चढला. त्यांनी महाराजांच्या मागे राहिलेल्या फौजेवर चाल केली. दिवसा जिंकले, रात्री हरले. थोरला भाऊ गावाला गेल्यावर येणारे हे धैर्य घरोघरी आढळते, पण कोशकारांनी त्याची वेगळी नोंद केलेली नाही. पुढे व्यंकोजींनी हातपाय गाळून वैराग्य धरले, तेव्हा महाराजांनी पत्र धाडून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. टपालाने धैर्य पाठवण्याचा हा एक जुना प्रयोग.

येथे सांबाराचा विचार करणे भाग आहे. तो विषयाशी तितकासा संबंधित नाही, पण प्रस्तुत लेखकाला आवडतो. आख्यायिका अशी की तंजावरच्या पुढच्या राजांच्या, शाहजींच्या, मुदपाकखान्यात आमटीला आमसूल उरले नव्हते. कोणीतरी चिंच सुचवली, आणि संभाजी महाराज पाहुणे आलेले असल्याने त्या आमटीला त्यांचे नाव पडले. शाहजीराजे गादीवर आले 1684 मध्ये आणि संभाजी महाराज मारले गेले 1689 मध्ये. या पाच वर्षांत औरंगजेबाला मागे ठेवून महाराज आमटीसाठी कावेरीकाठी गेले, हे मानायला स्वतंत्र धैर्य लागते. शिवाय विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. तिकडे हीच गोष्ट सांगितली तर राजे जुडीत सापडतात. तरीही प्रस्तुत लेखकाने तंजावरच्या एका खाणावळीत, सांबार मूळचे आमचे, असे जाहीर केले. वाढप्याने बादली खाली ठेवली, क्षणभर पाहिले आणि आणखी एक पळी वाढली. दक्षिणेतील मराठी सत्तेचा यापेक्षा सभ्य प्रतिवाद झालेला नाही.

शिलालेख कोरवणाऱ्या त्याच दुसऱ्या सरफोजींनी डोळ्यांच्या उपचारांच्या नोंदी, रुग्णांच्या डोळ्यांच्या चित्रांसह, करवून ठेवल्या. हे राजे 1832 मध्ये वारले. ईथरची भूल जगजाहीर झाली 1846 मध्ये. म्हणजे मोतीबिंदूवर शस्त्र चालले ते जागेपणी. इतिहास शस्त्र चालवणाऱ्याला धाडसी म्हणतो. डोळा उघडा ठेवून निजलेल्याचा विचार सहसा कोणी करत नाही.

भरल्या पोटी धैर्य येते, असाही एक सिद्धांत आहे. त्याची प्रतिकृती म्हणजे तंजावरची डोलणारी बाहुली : बूड जड, कितीही ढकला, पुन्हा उभी. पण कावेरीच्या याच त्रिभुज प्रदेशात भात लावणारे शेतमजूर अर्धपोटी राहत. उद्धटपणाची शिक्षा म्हणून जमीनदार त्यांना चाबकाने मारीत आणि शेणाचे पाणी पाजीत. 1940 च्या दशकात बी. श्रीनिवास राव नावाचे कम्युनिस्ट कार्यकर्ते, तेही बाहेरच्या मुलखातले, पूर्व तंजावरच्या गावांत हिंडले. मारले तर उलट मारा, असे त्यांनी सांगितले. एकट्या मजुराला हे सांगून काही झाले नसते. ते सगळ्या वस्तीला एकदम सांगितले गेले, आणि लोक एकमेकांकडे बघून ताठ उभे राहिले.

प्रस्तुत लेखकाने 19 वर्षांच्या नोकरीत पगारवाढ मागितलेली नाही. एकदा तो साहेबांच्या दारापर्यंत गेला होता; पंखा बंद पडल्याचे सांगून परतला. पंखा चालू होता.

त्याच पूर्व तंजावरातल्या कीळवेण्मणी गावच्या दलित मजुरांनी मात्र मजुरी वाढवून मागितली, आणि युनियनचा लाल बावटा खाली घ्यायला नकार दिला. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री जमीनदारांची माणसे आली. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेल्या 44 जणांना, त्यांतल्या बहुतेक बायका आणि मुले, जाळून मारण्यात आले. मोटारी बाळगणारे श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे उच्च न्यायालयाला पटले नाही. आरोपी जमीनदार सुटले.

या 44 जणांची वंशावळ कोणत्याही मंदिराच्या भिंतीवर नाही. त्यांची नावे कीळवेण्मणीच्या स्मारकावर कोरलेली आहेत.