जोडाक्षरांवरील जकात

चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त एखादा विषय अंकामागून अंक चाले, असे वर्गात सांगणारा मास्तर हल्ली खोटी साक्ष दिल्याच्या संशयास पात्र ठरतो, कारण ट्विटर सरकारने 2017 साली 140 चिन्हांची मर्यादा 280 वर नेली, तीच या पिढीस जहागिरी वाटली. त्यातही काना, वेलांटी व हलन्त या प्रत्येकावर स्वतंत्र जकात असल्यामुळे ‘स्त्री’ या एका अक्षरास सहा चिन्हांचा भरणा करावा लागतो, ही तत्समप्रिय पंडितांची केवढी कुचंबणा! (अलंकारशास्त्राचे काही अध्यापक म्हणूनच अनुप्रासाऐवजी हसऱ्या बाहुलीवर भागवितात.) शाळेत निबंधाचा आरंभ, मध्य व शेवट शिकविण्याची तजवीज मात्र पूर्ववत जारी आहे: विद्यार्थी निबंध यंत्राकडून लिहवून घेतात, गुरुजी तो यंत्राकडूनच तपासवितात, आणि दस्तुरखुद्द सही तेवढी उभयतांची असते.