दार कुठे, देश तिथे

आइंडहोव्हन, सोमवार

ती. बाबा व आईस,


बाबा, नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातमध्ये, हे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला बाकड्यावर बसवून दाखवता. आता जरा दमानं घ्या. शनिवारी आम्ही बार्लेला जाऊन आलो. इथे नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे 22 तुकडे, आणि त्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे 7! 1198 च्या सुमारास ब्राबांटच्या ड्यूकनं ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली, पण उत्पन्नाचे तुकडे स्वतःकडे ठेवले. आपल्याकडे थोरला भाऊ विहिरीजवळचं वावर धरून बसतो, तसंच. सीमा पुरती पक्की व्हायला 1995 उजाडलं.

रस्त्यावर पांढऱ्या फुल्यांची रेघ आहे. ती घरांतून, दुकानांतून बिनदिक्कत जाते. मग घर कुणाचं? पुढचं दार ज्या देशात, त्या देशाचं. शेवटच्या मोजणीत एका वृद्ध बाईंचं घर भलत्याच देशात निघालं, तर त्यांनी म्हणे दारच खिडकीच्या जागी हलवलं. हिला ते फार पटलं. म्हणाली, कचेरीत खेटे घालण्यापेक्षा गवंडी स्वस्त.

एका घराच्या तर दारातूनच रेघ जाते, म्हणून त्याला दोन देशांचे दोन घर नंबर. चिनूचा प्रश्न: पाहुण्यानं चपला कुठल्या देशात काढायच्या?

कोविडमध्ये, 2020 साली, बेल्जियमनं कपड्यांची दुकानं बंद केली, हॉलंडनं नाही. रेघेवरच्या दुकानानं मधोमध फीत लावली आणि डच अर्धं चालू ठेवलं. मोजे कुठल्या अर्ध्यात अडकले, ते कुणी सांगेना.

एका बाबतीत मात्र नवापूर भारी. तिकीट महाराष्ट्रात काढून गाडीची वाट गुजरातमध्ये पाहायची सोय बार्लेत नाही. इथली रेल्वे कधीच बंद पडली, रुळांच्या जागी आता सायकलवाट आहे.

डिसेंबरात डच लोक फटाक्यांसाठी बेल्जियन दुकानांत गर्दी करतात. गुजरातेतले लोक आपल्याकडे कशासाठी येतात, ते लिहीत नाही. आई पत्र मोठ्यानं वाचते.

तुम्ही आलात की नेऊ. दोन्ही देशांना एकच व्हिसा चालतो. येताना आईच्या हातचं मेतकूट आणा.

तुमचा,
सुहास

ता. क. चिनूनं आज शाळेत सांगितलं, मी बेल्जियमला जाऊन आलो. बाईंनी विचारलं, किती वेळा? म्हणाला, दुपारनंतरच्या मोजल्या नाहीत.